काळं पडणारं तेल, वाचणारं पोलाद

लासलगावचा कांदा दिल्लीच्या आझादपूर मंडीत उतरतो, तेव्हा त्याचा लांबचा प्रवास संपलेला असतो, पण शेवटचा टप्पा उरलेला असतो. नोएडाचे सेक्टर, गाझियाबादच्या गल्ल्या, गुरुग्रामच्या सोसायट्या इथवर तो नेऊन टाकते ती डिझेल पिकअप. महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा, अशोक लेलँडची दोस्त. अंधारात माल भरायचा, ‘नो एंट्री’ सुरू होण्याआधी शहरातून बाहेर पडायचं, रांगेत उभं असताना इंजिन चालूच ठेवायचं, आणि मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत किंवा जानेवारीच्या पाच अंशांतल्या धुक्यात पुन्हा तेच करायचं.

अशा गाडीत तेल बऱ्याच जागी असतं, पण त्यातल्या दोन जागा खास आहेत. एक इंजिनाच्या तळाचं चेंबर. दुसरी मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध दिसणारी फुगीर लोखंडी पेटी, म्हणजे डिफरन्शियल. चेंबरमध्ये काही लिटर तेल मावतं, डिफरन्शियलमध्ये त्याहून बरंच कमी. नवीन असताना दोन्ही तेलं पिवळसर, पारदर्शक, बोटाला बुळबुळीत लागणारी. पण एकाच्या जागी दुसरं ओतलं तर दोन्ही यंत्रांचं नुकसान ठरलेलं.

ऑइल बदलणं हे देखभालीतलं सगळ्यात रुक्ष काम मानलं जातं. मला मात्र गाडीतली सगळ्यात विलक्षण गोष्ट तीच वाटते. तेल हा गाडीचा खराखुरा सुटा भाग आहे. पोलादाच्या वाट्याची झीज, मळ आणि रासायनिक मार आपल्यावर घेण्यासाठी तो रेणूपासून घडवलेला असतो. तो खर्ची पडतो म्हणून धातू टिकतो.

तरंगणारा दांडा

बोलेरो पिकअपचं चार सिलिंडरांचं इंजिन २५२३ सीसीचं आहे. ते मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला सहासष्ट-सदुसष्ट स्फोट होतात. त्या क्षणी सिलिंडरमधला दाब शंभर वातावरणांच्या पुढे जातो. पिस्टनचा व्यास जेमतेम नऊ सेंटिमीटर. हिशेब केला तर प्रत्येक स्फोटाला पिस्टनच्या डोक्यावर सहा टनांहून जास्त जोर येतो. भरलेल्या पिकअपच्या एकूण वजनापेक्षाही तो बराच जास्त. हा जोर कनेक्टिंग रॉडमधून क्रँकशाफ्टवर उतरतो, आणि क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगमध्ये फिरतो तिथली फट असते मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास.

ऑइल पंप तेल पाठवतो तो तीन-चार वातावरणांच्या दाबाने. एवढ्याशा दाबाने टनावारी ओझं उचललं जाणं शक्य नाही. तरीही चांगल्या इंजिनात फिरता क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकत नाही. मग त्याला उचलून कोण धरतं?

याचं उत्तर १८८३ मध्ये ब्रिटनमध्ये अनपेक्षितपणे हाती लागलं. बोशाँप टॉवर हा अभियंता रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या वरच्या बाजूला भोक पाडलं, आणि दांडा फिरू लागताच त्या भोकातून तेल उलटं वर येऊ लागलं. त्याने बूच ठोकलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर फेकली गेली. दाबमापक लावला, तेव्हा भाराच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त दाब दिसला. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्यामागचं गणित मांडलं. फिरणारा दांडा तेलाला आपल्याबरोबर ओढतो. दांडा किंचित एका बाजूला सरकलेला असल्याने पुढची फट निमुळती होत जाते. चिकट तेलाला त्या अरुंद जागेतून पटकन निसटता येत नाही आणि त्यातच प्रचंड दाब तयार होतो. म्हणजे दांड्याला उचलणारा दाब पंपातून येत नाही, तो दांड्याच्या फिरण्यातूनच जन्मतो. पंपाचं काम फक्त तिथे तेल पोचवत राहण्याचं.

यावरून एक गोष्ट उघड होते. झीज जास्त होते ती गाडी सुरू करताना आणि बंद करताना, कारण तेव्हा वेग नसतो आणि तेलाचा थर उभा राहिलेला नसतो. दिवसभर सुरू-बंद होणाऱ्या शहरी पिकअपवर महामार्गावरच्या ट्रकपेक्षा हे क्षण कितीतरी जास्त वेळा येतात. टर्बोचार्जरचं प्रकरण तर आणखी नाजूक. त्याचा बारीक दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि त्याचाही आधार तेलाचाच थर. लांबून आल्यावर लगेच चावी न फिरवता इंजिन थोडा वेळ मंद चालू द्यायला जुने ड्रायव्हर सांगतात, त्याचं कारण हेच.

काळं होणं हेच काम

डिझेल इंजिनात नवं तेल घातलं की थोड्याच दिवसांत ते काळंकुट्ट होतं. मालकाला वाटतं, फसवणूक झाली. खरं तर तेल कामाला लागल्याची ती खूण असते.

डिझेल जळताना काजळी तयार होते. तिचे मूळ कण इतके लहान असतात की एका मिलिमीटरच्या लांबीत तसे वीस-तीस हजार कण एका ओळीत बसतील. काही काजळी पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरते. हे कण एकमेकांना चिकटले तर गाळ होतो, तेल घट्ट होतं, बारीक वाटा बुजतात. म्हणून तेलात डिस्पर्संट नावाचे लांब रेणू घातलेले असतात. त्यांचं एक टोक काजळीला धरतं आणि दुसरं तेलात राहतं. प्रत्येक कण असा वेढला गेला की कणांना जवळ येऊन गोळा होता येत नाही. काजळी तेलातच तरंगत राहते आणि तेलाबरोबर गाडीबाहेर जाते. जे तेल डिझेल इंजिनात स्वच्छ दिसत राहतं, त्याची काजळी इंजिनात कुठेतरी बसलेली असण्याची शक्यता जास्त.

मळ धरून ठेवणं हे एक काम झालं. ज्वलनातून आम्लंही तयार होतात. ती मारायला तेलात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची अल्कली संयुगं असतात, आणि आम्लाशी भिडून तीही हळूहळू संपतात. कॅम आणि टॅपेटसारखे भाग एकमेकांवर जोराने घासतात. तिथे जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग उष्णतेने फुटून धातूवर काचेसारख्या फॉस्फेटचा थर बसवतं, जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. थर घासून जातो, नवा तयार होतो, आणि त्या बदल्यात तेलातलं संयुग कमी होत जातं.

डब्यावरच्या १५डब्ल्यू-४० या आकड्यामागेही असंच एक कौशल्य आहे. पहिला आकडा थंडीतला स्वभाव सांगतो, दुसरा शंभर अंशांवरचा. साधं तेल तापलं की पाण्यासारखं पातळ होतं. म्हणून त्यात पॉलिमरचे लांब रेणू मिसळतात. थंडीत ते आक्रसून राहतात आणि तेलाच्या वाहण्यात फारसे आड येत नाहीत. तापल्यावर ते पसरतात आणि तेलाचा घट्टपणा सावरून धरतात. त्यामुळे जानेवारीच्या पहाटे सुरू होणारं आणि जूनच्या दुपारी वाहतुकीत अडकलेलं इंजिन एकाच तेलावर चालतं. मात्र बेअरिंगच्या अरुंद फटीतून हजारो वेळा पिळून निघताना हे लांब रेणू तुटतात. तुटलेला रेणू पुन्हा जोडला जात नाही.

आता दिल्लीची भर घाला. उन्हाळ्यातली राजस्थानकडून येणारी धूळ, बांधकामांची धूळ, वर्षभराची गर्दी. एअर फिल्टर ढिला असेल तर सिलिकाचे कण तेलात येतात, आणि सिलिका पोलादाला खरवडते. प्रयोगशाळेत जुन्या तेलाचा थेंब तपासतात तेव्हा लोह दिसलं तर सिलिंडर-रिंगांची झीज, तांबं दिसलं तर बेअरिंगकडे बोट, सिलिकॉन वाढलेलं दिसलं तर धूळ आत शिरतेय, असं निदान करता येतं. काळ्या तेलाच्या एका चमच्यात गाडीचा अख्खा तब्येतीचा अहवाल असतो.

दिल्लीत बीएस-६ दर्जाचं इंधन १ एप्रिल २०१८ पासून आलं, देशभर दोन वर्षांनी. डिझेलमधलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर आलं आणि बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी बसली. गाळणीत साठलेली काजळी अधूनमधून सुमारे सहाशे अंशांना जाळून टाकली जाते. पण तेलातल्या धातुयुक्त संयुगांची राख जळत नाही, ती गाळणीत कायमची साचते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं तेल लागतं, आणि तिथे जुन्या वर्गाचं स्वस्त तेल घालणं महागात पडतं. आणखी एक गंमत म्हणजे, गाळणीतली काजळी जाळण्यासाठी सोडलेल्या जादा डिझेलचा अंश काही इंजिनांत सिलिंडरच्या भिंतींवरून चेंबरमध्ये उतरतो. त्यामुळे डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. त्यात डिझेल मिसळलेलं असू शकतं, आणि पातळ झालेलं तेल दांडा उचलू शकत नाही.

चेंबर रिकामं करताना

दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरमधल्या कुठल्याही चांगल्या उस्तादाचा, म्हणजे मेकॅनिकचा, तेल बदलण्याचा क्रम पाहिला तर प्रत्येक पायरीला कारण सापडतं. गाडी सपाट जागेवर हवी. इंजिन आधी थोडं चालवून कोमट करायचं, कारण कोमट तेल लवकर वाहतं आणि तरंगती काजळी सोबत घेऊन निघतं. खूप तापलेलं मात्र नको, हात भाजतो. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. भक्कम घोड्या लावायच्या, चाकांखाली ठोकळे लावायचे.

ड्रेन प्लग काढला की धार लागते. ती संपल्यावरही थेंब पडत राहतात, त्यांना वेळ द्यायचा. प्लगचा मऊ वॉशर नवा घालायचा, कारण एकदा दाबला गेलेला वॉशर दुसऱ्यांदा तितकाच घट्ट बसत नाही. फिल्टर बदलायचा, नव्याच्या रबरी रिंगला नवं तेल लावायचं आणि तो हातानेच आवळायचा. जुन्याची रिंग इंजिनालाच चिकटून राहिलेली नाही ना, हे आधी बघायचं. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर सगळं नवं तेल रस्त्यावर येऊ शकतं.

तेल किती आणि कोणत्या दर्जाचं, हे गाडीच्या पुस्तकातूनच घ्यायचं. एकच नाव असलेल्या पिकअपच्या वेगवेगळ्या वर्षांच्या इंजिनांना वेगवेगळं तेल लागू शकतं. भरून झाल्यावर इंजिन सुरू करायचं आणि अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझतो. तेवढ्या वेळात पंप रिकामा फिल्टर भरतो, वाहिन्या भरतो, टर्बोपर्यंत पोचतो. मग इंजिन बंद करून तेल खाली उतरू द्यायचं आणि डिपस्टिक दोन खुणांच्या मध्ये येते का पाहायचं.

दोन चाकं, दोन वाटा

आता मागे, डिफरन्शियलकडे वळू. कॅनॉट प्लेसच्या वर्तुळाला पिकअपने एक पूर्ण फेरा घातला, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. किती जास्त? दोन मागच्या चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरलं, तर ८.८ मीटर. आता लुटियन्सच्या दिल्लीतल्या एखाद्या छोट्या गोल चक्कराला फेरा घाला. फरक तेवढाच, ८.८ मीटर. वर्तुळ केवढंही असो, उत्तर बदलत नाही. ते फक्त चाकांमधल्या अंतरावर आणि गाडी किती वळली यावर ठरतं. काटकोनात एक वळण घेतलं की २.२ मीटरचा फरक पडलाच. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असती, तर प्रत्येक वळणाला एक टायर फरफटला असता.

ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२०च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली. आजही डिफरन्शियलच्या पोटात तीच आहे. इंजिनाकडून आलेल्या दांड्याचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, मोठ्या क्राउन गिअरला फिरवतो. क्राउनबरोबर फिरणाऱ्या पिंजऱ्यात छोटे गिअर असतात. सरळ रस्त्यावर ते पिंजऱ्यासह नुसते फिरतात. वळणावर आतलं चाक मंदावतं, तेव्हा ते स्वतःभोवतीही फिरू लागतात आणि आतल्या चाकाने गमावलेला वेग जसाच्या तसा बाहेरच्या चाकाला देतात. दोन्ही चाकांच्या वेगाची सरासरी नेहमी क्राउनच्या वेगाएवढी. ना सेन्सर, ना संगणक, ना एक वायर. नुसत्या दात्यांनी केलेलं हे गणित आहे.

तेलाची खरी परीक्षा क्राउन आणि पिनियन जिथे भिडतात तिथे. पॅकार्ड कंपनीने १९२०च्या दशकात मोटारीत हायपॉइड गिअर आणले, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यापासून खाली सरकवलेला. यामुळे दाते लांब आणि मजबूत झाले, आवाज कमी झाला. पण किंमतही मोजावी लागली. असे दाते एकमेकांवर फक्त लोळत नाहीत, ते लांबीच्या दिशेने घसरतातही. आणि ही घसरण विलक्षण दाबाखाली होते.

दात दाताला टेकतो तो अगदी चिंचोळ्या पट्ट्यात, आणि तिथला दाब दहा हजार वातावरणांच्या घरात जातो. महासागरातल्या सगळ्यात खोल जागी, मरियाना गर्तेच्या तळाशी, असतो त्याच्या सुमारे नऊपट. या दाबाखाली तेल द्रवासारखं वागायचं सोडून देतं. त्याचा घट्टपणा कित्येक पटींनी वाढतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळ ते जवळजवळ घन होतं. पोलादाचे दाते किंचित दबतात, मध्ये मायक्रॉनभरही जाड नसलेला तेलाचा थर उरतो. दात सुटला की तेच तेल पुन्हा वाहू लागतं. हायवेवर हे प्रत्येक मिनिटाला हजारो वेळा घडतं.

तरीही जड माल, चढ आणि कमी वेग जमून आले की थर फाटतो आणि धातू धातूला भिडतो. तिथे क्षणभर जी प्रखर उष्णता तयार होते, तिचाच वापर रसायनशास्त्राने करून घेतलाय. गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं असतात. एरवी ती शांत असतात. नेमक्या तापलेल्या ठिकाणी ती लोखंडाशी संयोग पावून मऊ थर बनवतात, आणि दाते वितळून चिकटण्याऐवजी तो थर कातरला जातो. गिअर ऑइलचा डबा उघडल्यावर येणारा उग्र वास याच गंधकाचा.

हे कळलं की तेलांची अदलाबदल का चालत नाही, तेही कळतं. इंजिन ऑइलमध्ये हायपॉइड दात्यांना पुरेल एवढं गंधक-फॉस्फरसचं संरक्षण नसतं. उलट गिअर ऑइलची ही संयुगं इंजिनाच्या सततच्या उष्णतेत बेअरिंगांना खातील, आणि काजळी धरायला त्यात कोणी नसेल. डिफरन्शियलसाठीचं जीएल-५ वर्गाचं तेल काही गिअरबॉक्सनाही चालत नाही, कारण तिथल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना जास्त गंधक सोसत नाही. आणि ‘नव्वद नंबर’ चाळीसपेक्षा दुपटीहून घट्ट, ही समजूतही चुकीची आहे. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या. शंभर अंशांवर १५डब्ल्यू-४० आणि ८०डब्ल्यू-९० जवळपास सारख्याच घट्टपणाची असतात.

आधी वरचा बोल्ट

डिफरन्शियलचं तेल बदलताना एक नियम सोन्यासारखा जपावा. आधी भरायचा प्लग उघडायचा, मगच निचऱ्याचा. वर्षानुवर्षं न हललेला भरायचा प्लग गंजून बसलेला असू शकतो. तेल आधीच सांडून दिलं आणि वरचा प्लग निघालाच नाही, तर गाडी जागची हलवता येत नाही.

निचऱ्याच्या प्लगला बऱ्याचदा चुंबक असतो. त्यावर बारीक करडा लगदा दिसला तर घाबरायचं कारण नाही. दाते एकमेकांत मुरताना एवढी भुकटी निघतेच. बोटाला टोचणारा कपचा किंवा दाताचा तुकडा निघाला, तर मात्र आत काहीतरी मोडतंय. चुंबक पुसायचा, प्लग बसवायचा आणि नवं तेल हातपंपाने किंवा नळीने भरत राहायचं. भरायच्या भोकाच्या काठावरून तेल ओघळू लागलं की थांबायचं. इथे डिपस्टिक नसते, तो काठच माप असतो. म्हणून गाडी सपाट असणं इथे आणखी महत्त्वाचं.

अ‍ॅक्सलवर एक छोटी श्वासनळी असते, ब्रीदर. तापल्यावर आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. ती मातीने बुजली तर वाढलेला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. पावसाळ्यात उलटं घडतं. मिंटो ब्रिजखाली, झखीऱ्याला, पुल प्रल्हादपूरच्या अंडरपासला पाणी तुंबतं. तापलेला अ‍ॅक्सल त्या पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम आक्रसते आणि ब्रीदर किंवा सील कमजोर असतील तर पाणी आत ओढलं जातं. असं तेल दुधाळ दिसतं. मग पुस्तकातल्या किलोमीटरची वाट न पाहता ते लगेच बदलायला हवं.

तेलाचा दुसरा जन्म

दिल्लीच्या परिसरात या विषयाची दोन्ही टोकं भेटतात. फरीदाबादला इंडियन ऑइलचं संशोधन केंद्र १९७२ पासून आहे, आणि वंगणं हा तिथल्या कामाचा मोठा भाग. आयआयटी दिल्लीत घर्षण, झीज आणि वंगण यांच्या अभ्यासाचं केंद्र आहे. त्याच शहरात ट्रान्सपोर्ट नगरचे उस्ताद रोज तेलाने माखलेल्या हातांनी त्या संशोधनाची अंमलबजावणी करतात. डब्यातलं ज्ञान गाडीपर्यंत पोचतं ते या हातांतून.

पण काढलेल्या काळ्या तेलाचं पुढे काय, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोडे विचारतात. ते नाल्यात गेलं तर यमुनेपर्यंत पोचतं. भट्टीत जाळलं तर त्यातले धातू हवेत जातात. कायद्याने वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे.

इथे सगळ्यात मोठं आश्चर्य आहे. खर्ची पडतात ती संयुगं, तुटतात ते पॉलिमर. मूळ तेलाचे हायड्रोकार्बन मात्र बहुतांशी जसेच्या तसे उरतात. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूरकडचे गलाई कारागीर दिल्लीच्या सराफ्यात जुने दागिने वितळवून त्यातलं शुद्ध सोनं पुन्हा वेगळं काढतात. काळ्या तेलाचं शुद्धीकरण त्याच जातीचं काम आहे. आधी तापवून पाणी आणि मिसळलेलं डिझेल उडवायचं. मग निर्वातात ऊर्ध्वपातन करायचं, म्हणजे रेणू फुटण्याआधीच कमी तापमानाला तेल उकळून वर येतं आणि मळ तळाशी राहतो. शेवटी हायड्रोजनने उरलेलं गंधक आणि रंग काढायचा. हाती येतं ते स्वच्छ मूळ तेल. त्यात नवी संयुगं मिसळली की ते पुन्हा एखाद्या चेंबरमध्ये जाऊ शकतं.

म्हणून ऑइल बदलून झाल्यावर काम संपलं असं समजू नये. डब्यावरचा दर्जा स्वतः वाचावा, किलोमीटर आणि तारीख दारावर चिकटवावी, डिफरन्शियलचंही लक्षात ठेवावं. आणि काढलेलं तेल झाकणाच्या डब्यात भरून, पाणी किंवा कूलंट मिसळू न देता, परवानाधारक संकलकाकडे जाईल याची काळजी घ्यावी. ज्या तेलाने सहा-सहा टनांचे धक्के झेलून आपलं इंजिन वाचवलं, त्याला पुन्हा कामावर जायची संधी देणं आपल्या हातात आहे.